लेणीचे चित्र टी-शर्टवर विकताना : मावळच्या चित्रकारांसाठी प्रिंट-ऑन-डिमांडची ओळख

लोणावळ्याहून परतणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाडीत चिक्कीचा डबा असतो. मळवली स्टेशनवर उतरून भाजे लेणी पाहिलेला, किंवा कार्ल्याच्या पायऱ्या चढून चैत्यगृहात घटकाभर थांबलेला माणूस मात्र या बुद्ध लेण्यांची आठवण म्हणून सहसा मोबाइलमधल्या फोटोंपलीकडे काही नेत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची एवढी मोठी शिल्पसंपदा मावळात आहे. पण तिच्यावर बेतलेले एखादे चांगले चित्र, पोस्टकार्ड किंवा टी-शर्ट विकत घ्यायचा म्हटला तर तो शोधावा लागतो.

दुसरीकडे आपल्या जयंती-उत्सवांतले स्टॉल पाहा. १४ एप्रिल असो, ६ डिसेंबरची चैत्यभूमी असो, किंवा २५ डिसेंबरचे देहूरोड असो; १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. स्टॉलवर टी-शर्ट, कॅलेंडर, मग, स्टिकर भरपूर असतात, पण चित्रे बहुधा तीच ती असतात आणि ती कोणी काढली हे कोठेच लिहिलेले नसते. आपली मुले-मुली मोबाइलवर उत्तम चित्रे काढतात, जयंतीच्या आदल्या रात्री समाजमाध्यमावर टाकतात, हजारो लोक ती पुढे पाठवतात. पुढच्या वर्षी तेच चित्र कोणाच्या तरी टी-शर्टवर छापून विकले जाते. चित्रकाराला ना पैसे मिळतात, ना नाव.

यावर एक मार्ग म्हणजे प्रिंट-ऑन-डिमांड. हा झटपट श्रीमंत होण्याचा मार्ग नाही. पण भांडवलाशिवाय आपले चित्र आपल्या नावाने विकता येते. त्यासाठी तीन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात : हिशेब, हक्क आणि मर्यादा. बुद्धाची प्रतिमा विकताना तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

ही पद्धत चालते कशी?

नेहमीच्या पद्धतीत आपण आधी शंभर टी-शर्ट छापून घेतो आणि मग गिऱ्हाईक शोधतो. प्रिंट-ऑन-डिमांडमध्ये क्रम उलटा असतो. चित्राची फाइल संकेतस्थळावर ठेवायची. ग्राहकाने मागणी नोंदवली आणि पैसे भरले की तेवढा एकच नग छापला जातो आणि छापणारी कंपनी तो थेट ग्राहकाच्या पत्त्यावर पाठवते. आपल्याकडे माल साठवावा लागत नाही आणि उरलेला माल अंगावर पडत नाही.

यात दोन प्रकार आहेत. पहिला बाजारपेठेचा. मेलबर्नची रेडबबल किंवा अमेरिकेतील झॅझल ही त्याची उदाहरणे. दुकान त्यांचे, ग्राहक त्यांचे, छपाई त्यांनी करून घ्यायची. आपण फक्त चित्र द्यायचे आणि प्रत्येक विक्रीवर ठरलेला वाटा घ्यायचा. ॲमेझॉनचीही अशी एक योजना आहे, मात्र तिथे अर्ज करून प्रवेश मिळवावा लागतो.

दुसरा प्रकार छपाई-सेवेचा. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरची क्विकिंक, चेन्नईची प्रिंटरोव्ह आणि परदेशातल्या प्रिंटफुल, प्रिंटिफाय या कंपन्या छापून पाठवण्याचे काम करतात. दुकान, म्हणजे संकेतस्थळ किंवा ऑनलाइन पान, आपले असते. किंमत आपण ठरवतो. पण ग्राहक आणण्याची जबाबदारीही आपलीच.

ज्याच्याकडे वेळ कमी आहे आणि ज्याला परदेशातला ग्राहक हवा आहे त्याने पहिल्या प्रकाराने सुरुवात करावी. ज्याच्या मागे आधीच पाच-दहा हजार चाहते आहेत, किंवा ज्याचा संपर्क गावोगावच्या विहारांशी आणि मंडळांशी आहे, त्याला दुसरा प्रकार अधिक परवडतो.

हिशेब आधी, उत्साह नंतर

हिशेब समजावा म्हणून काही आकडे गृहीत धरू. प्रत्यक्ष दर कंपनीप्रमाणे बदलतील.

समजा, टी-शर्ट आणि छपाई मिळून २६० रुपये, पाठवणी ७० रुपये, पैसे स्वीकारण्याचे शुल्क १० रुपये. आपण विक्रीची किंमत ठेवली ४९९ रुपये. त्यात पाच टक्के जीएसटीचे सुमारे २४ रुपये आले. हे सगळे वजा जाता हाती १३५ रुपये राहतात. साठ टी-शर्ट विकले तर ८,१०० रुपये, आणि आधी गुंतवणूक काही नाही.

आता स्टॉल पाहू. समजा, स्क्रीन प्रिंटिंगने शंभर टी-शर्ट प्रत्येकी १४० रुपयांत छापले. १४,००० रुपये आधीच गेले. २५० रुपयांना एक याप्रमाणे साठ विकले गेले तर १५,००० रुपये आले. नफा हजार रुपये आणि घरात चाळीस टी-शर्ट उरले. सगळे शंभर खपले असते तर नफा ११,००० रुपयांचा झाला असता.

यातून दोन गोष्टी दिसतात. प्रिंट-ऑन-डिमांडमध्ये धोका कमी आहे, पण वस्तू महाग पडते. जयंतीला आलेला कष्टकरी बांधव अडीचशे रुपयांचा टी-शर्ट घेईल, पाचशेचा घेताना विचार करेल. म्हणून ही पद्धत स्टॉलची जागा घेणारी नाही. जो ग्राहक स्टॉलपर्यंत येऊच शकत नाही, त्याच्यासाठी ती आहे : बेंगळुरूत नोकरी करणारी मुलगी, लंडन-टोरंटोमधले आंबेडकरी कुटुंब, लेणी पाहून घरी परतलेला पर्यटक. स्टॉलसाठी शंभराची छपाई आणि दूरच्या ग्राहकासाठी एकेकाची छपाई, असे दोन्ही एकत्र चालवणे सर्वांत शहाणपणाचे.

बाजारपेठेत हिशेब वेगळा असतो. रेडबबलवर मूळ किमतीवर आपण टक्केवारी लावतो आणि नव्या खात्याला ती सहसा वीस टक्के ठेवलेली असते. समजा, मूळ किंमत २० डॉलर असेल तर आपले ४ डॉलर आणि ग्राहकाला किंमत २४ डॉलर. मात्र २०२३ पासून या कंपनीने खात्यांची प्रतवारी सुरू केली असून साध्या खात्यांच्या कमाईतून शुल्क कापले जाते. म्हणून चार डॉलर दिसले तरी चार डॉलर हाती येतील असे धरू नये. कोणत्याही संकेतस्थळावर खाते उघडण्यापूर्वी ‘शुल्क’ आणि ‘पैसे कधी व कसे मिळतात’ ही दोन पाने पूर्ण वाचावीत.

आणखी एक सूचना. सुरुवात टी-शर्टने करायलाच हवी असे नाही. स्टिकर, पोस्टकार्ड, भिंतीवरचे छापील चित्र यात मापांची भानगड नसते, त्यामुळे माल परत येण्याचे प्रमाण कमी राहते. टी-शर्ट ‘लहान झाला’ म्हणून परत आला की दोन-तीन विक्रींचा नफा त्यातच जातो.

काढायचे काय? उत्तर लेणीतच आहे

अनेकजण गूगलवर ‘बुद्ध’ टाकून आलेले चित्र रंग बदलून वापरतात. यात हक्काचा प्रश्न आहेच, पण त्याआधी कलेचा प्रश्न आहे. जगभर लाखो लोक तेच करतात. तिथे आपले चित्र उठून का दिसावे? मावळच्या चित्रकाराकडे मात्र असे काही आहे जे इतरांकडे नाही.

भाजे येथे सुमारे बावीस लेणी आहेत आणि तिथले चैत्यगृह देशातल्या सर्वांत जुन्या चैत्यगृहांपैकी आहे. शेजारी स्थविरांच्या स्मरणार्थ कोरलेल्या चौदा स्तूपांचा समूह आहे. कामशेतजवळच्या बेडसे लेणीत खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर आरूढ स्त्री-पुरुष आहेत. दर्शनी भिंतीवर वेदिका आणि चैत्यकमानींची नक्षी ओळीने फिरत राहते. ओढणी किंवा कापडी पिशवीवर पुन्हापुन्हा छापण्यासाठी यापेक्षा चांगला नमुना शोधून सापडणार नाही. कार्ल्याचे चैत्यगृह तर भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे मानले जाते : आत सदतीस खांब, छताला मूळच्या लाकडी फासळ्या, बाहेर सिंहस्तंभ.

या लेण्यांकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मूळच्या कोरीव कामात बुद्धांची मूर्ती नाही. स्तूप आहे, चक्र आहे, कमळ आहे, सिंह आहे. कार्ल्यात ज्या बुद्धमूर्ती दिसतात त्या काही शतकांनंतर, महायान काळात कोरल्या गेल्या. म्हणजे तथागतांची प्रतिमा न दाखवता धम्म कसा दाखवावा, याची संपूर्ण शाळाच आपल्या तालुक्यात उभी आहे.

अंगावर घालायच्या आणि रोज वापरायच्या वस्तूंसाठी ही जुनी भाषा फार उपयोगाची आहे. टी-शर्ट धुतला जातो, पिळला जातो, जुना झाला की फरशी पुसायला घेतला जातो. त्यावर तथागतांचा चेहरा असेल तर प्रश्न पडतो. त्यावर चैत्यकमान, पिंपळाचे पान किंवा बेडशाचा घोडा असेल तर पडत नाही. म्हणून एक साधा नियम सुचवावासा वाटतो : बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा भिंतीवर लावायच्या चित्रासाठी; वापराच्या वस्तूंसाठी चिन्हे आणि नक्षी.

लेणीत बसून रेखाटन करताना कोरीव कामावर कागद ठेवून ठसा घेऊ नये, खडूने रेषा ठळक करू नयेत, शिल्पाला टेकून उभे राहू नये. कार्ले, भाजे, बेडसे ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या कायद्याप्रमाणे त्यांची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सगळ्यात आधी वस्तूंची यादी तपासा

प्रिंट-ऑन-डिमांडमध्ये बौद्ध चित्रकाराची सर्वांत मोठी चूक इथे होते. आपण एक चित्र चढवतो आणि संकेतस्थळ ते आपोआप साठ-सत्तर वस्तूंवर बसवून दाखवते. त्यात पोस्टर आणि वही असते, तसेच मोजे, पायपुसणे, न्हाणीघराचा पडदा आणि गुडघ्याखाली जाणारी तुमानही असते. चित्रकाराने काही वाईट केलेले नसते. त्याने फक्त यादी उघडून पाहिलेली नसते. पण विक्रीला आलेल्या पायपुसण्याखाली नाव त्याचेच असते.

याचे परिणाम किती लांबवर जातात ते पाहा. जानेवारी २०१७ मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडातील संकेतस्थळावर भारताच्या राष्ट्रध्वजाचे पायपुसणे विक्रीस दिसले. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीर इशारा दिला आणि ते काढून टाकले गेले. म्यानमारमध्ये एका मद्यालयाच्या जाहिरातीत बुद्धांना हेडफोन घातलेले दाखवले होते. त्यासाठी मार्च २०१५ मध्ये तिघांना अडीच वर्षांची शिक्षा झाली. चित्रावरून कोणाला तुरुंगात टाकावे का, यावर मतभेद असू शकतात. पण प्रतिमा कोठे छापली आहे याकडे जगभरचे बौद्ध लक्ष ठेवतात, हे विसरून चालणार नाही.

म्हणून चित्र चढवल्यावर पहिले काम हे : प्रत्येक वस्तूसमोरची खूण तपासा आणि नको त्या बंद करा. पादत्राणे, मोजे, कमरेखालचे कपडे, पायपुसणे, न्हाणीघरातील वस्तू, अंतर्वस्त्रे आणि मद्याचे पेले यांवर बुद्ध, बाबासाहेब, महापुरुष किंवा धम्मचिन्ह असता कामा नये. बसायच्या उशा-गाद्याही टाळाव्यात. दर दोन महिन्यांनी यादी पुन्हा उघडावी, कारण संकेतस्थळे नव्या वस्तू सतत आणत असतात.

अंगुत्तर निकायात उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत हे तथागतांनी सांगितले आहे : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. चित्र विकणे त्यात नाही. चित्रकाराने आपल्या कलेवर पोट भरावे यात कमीपणा नाही. सम्यक आजीविका म्हणजे कमाईच टाळणे नव्हे. कमावताना आपल्या हातून काय बाहेर जाते आहे ते पाहणे, हा तिचा अर्थ आहे.

दुसऱ्याचा हक्क कोठे लागतो?

लेणीतील शिल्पावर कोणाचाही कॉपीराइट नाही. पण त्या शिल्पाच्या फोटोवर फोटो काढणाऱ्याचा हक्क असतो. इंटरनेटवरचा फोटो घेऊन त्यावर रेषा गिरवणे म्हणजे त्याचा हक्क डावलणे. विकिमीडिया कॉमन्सवरील फोटो वापरता येतात, पण तिथेही नाव देण्याची आणि कधी आपले काम त्याच अटींवर खुले ठेवण्याची अट असते. सोपा मार्ग म्हणजे स्वतः लेणीत जाऊन पाहून काढणे.

बाबासाहेबांच्या फोटोंबाबत भारतीय कायदा असा : फोटोवरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले फोटो आज सर्वांसाठी खुले आहेत. मात्र नंतरच्या चित्रकारांनी काढलेली बाबासाहेबांची चित्रे खुली नाहीत. ती आपल्या घराघरात असली तरी ती त्या चित्रकाराची असतात.

वचनांचेही तसेच. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून खुले झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणून त्याचा मूळ इंग्रजी मजकूर १ जानेवारी २०१८ पासून खुला झाला. पण मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. बाबासाहेबांच्या नावावर फिरणारी कितीतरी वाक्ये त्यांची नाहीतच. वाक्य कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर आहे ते सापडल्याशिवाय छापू नये. चुकीचे वाक्य मोबाइलवर फिरते तेव्हा ते पुसता येते, पाचशे रुपये घेऊन विकलेल्या टी-शर्टवरचे पुसता येत नाही.

अशोकचक्राबाबत विशेष सावध राहावे. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानुसार काही नावे आणि चिन्हे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाहीत. त्या यादीत ‘अशोकचक्र’ आणि ‘धर्मचक्र’ ही नावे, तसेच राष्ट्रध्वजातील व राजमुद्रेतील चक्राचे चित्र आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्रही आहे. चार सिंहांच्या राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे, आणि १९७१ च्या कायद्याने राष्ट्रध्वज उशा, रुमाल किंवा कपड्याच्या कापडावर छापण्यास मनाई केली आहे. चळवळीच्या निळ्या झेंड्याचा प्रश्न वेगळा. इथे आपण विक्रीबद्दल बोलत आहोत. चक्र काढायचेच असेल तर लेणीतल्या शिल्पावर बेतलेले, स्वतःच्या रचनेचे काढावे, आणि दुकानाच्या नावात वरील शब्द टाळावेत. ट्रेडमार्क कार्यालयाच्या निर्देशांनुसार ‘लॉर्ड बुद्धा’ हे शब्दही कोणाला आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाहीत. ही चांगलीच गोष्ट आहे. तथागतांच्या नावावर कोणा एका दुकानदाराची मालकी असू नये.

अक्षरांसाठी वापरलेल्या फाँटचाही परवाना पाहावा. मुक्ता, बालू यांसारखे देवनागरी फाँट खुल्या परवान्यात आहेत आणि छापील विक्रीसाठी चालतात. ब्राह्मी लिपीसाठी नोटो सॅन्स ब्राह्मी हा खुला फाँट आहे. कार्ल्याच्या शिलालेखातले एखादे ब्राह्मी नाव छापणे फार सुंदर दिसते, पण जाणकाराकडून अक्षरे तपासून घेतल्याशिवाय छापू नये.

आपला हक्क कसा राखायचा?

चित्र काढले त्या क्षणी त्यावर आपला कॉपीराइट तयार होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण उद्या वाद झाला तर पुरावा लागतो. म्हणून कच्ची रेखाटने, तारखा आणि थरांसह असलेली मूळ फाइल जपून ठेवावी. समाजमाध्यमावर टाकताना लहान आकाराची प्रत टाकावी, सही चित्राच्या आतच अशा जागी करावी की ती कापता येणार नाही. नोंदणी करायची असल्यास कलाकृतीचे शुल्क ५०० रुपये आहे, आणि ती वस्तूंसाठी वापरली जाणार असेल तर २,००० रुपये.

एक बारकावा अनेकांना माहीत नसतो. एखादी रचना केवळ एखाद्या वस्तूचे ‘डिझाइन’ म्हणून केली, डिझाइन कायद्याखाली नोंदवली नाही आणि यंत्राने तिच्या पन्नासपेक्षा जास्त प्रती निघाल्या, तर त्या रचनेवरील कॉपीराइट संपुष्टात येऊ शकतो. म्हणून चित्र आधी स्वतंत्र कलाकृती म्हणून पूर्ण करावे, सही-तारखेसह प्रसिद्ध करावे आणि मग वस्तूवर आणावे.

मंडळ, विहार समिती किंवा स्टॉलवाल्याला चित्र देतानाही दोन ओळी लिहून द्याव्यात. तोंडी बोलण्याने हक्क हस्तांतरित होत नाही, त्यासाठी लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘या वर्षीच्या जयंतीसाठी, पाचशे प्रती, खाली चित्रकाराचे नाव’ एवढे लिहिले तरी पुरते. धम्मकार्यासाठी चित्र दान द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण दानातही नाव असते. त्याबद्दल शेवटी सांगतो.

फाइल आणि कागदपत्रे

टी-शर्टसाठी चित्र किमान १२ बाय १६ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे ३,६०० बाय ४,८०० पिक्सेल असावे. ॲमेझॉनची योजना ४,५०० बाय ५,४०० पिक्सेल मागते. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी फाइल करावी. कागदावरचे चित्र मोबाइलने टिपण्याऐवजी ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्यावे. क्रिटा, इंकस्केप ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. पडद्यावरचा झगमगता निळा कापडावर मंद उतरतो, म्हणून विक्री सुरू करण्याआधी एक नग स्वतः मागवून दोन-तीनदा धुऊन पाहावा. आपल्या निळ्याच्या बाबतीत तरी हे करावेच.

पॅन कार्ड आणि बँक खाते चित्रकाराच्या स्वतःच्या नावावर असावे. जीएसटीचे स्थूल स्वरूप असे : बाजारपेठेच्या संकेतस्थळावरून केवळ आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक अटींवर नोंदणीतून सूट आहे. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यातील ग्राहकाला विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी सहसा लागते. अमेरिकी कंपनीकडून रॉयल्टी मिळणार असेल तर डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरावा. भारत-अमेरिका करारामुळे तिथली करकपात तीसऐवजी पंधरा टक्के होते. ही कमाई आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते. पहिल्या वर्षी जवळच्या सनदी लेखापालाचा तासभर सल्ला घेतलेला बरा.

सुरुवात कधी आणि कशी?

एकेक नग छापून घरी पोहोचायला साधारण आठवडा धरावा. १० एप्रिलला चढवलेले चित्र १४ तारखेला कोणाच्या अंगावर दिसणार नाही. बुद्ध पौर्णिमा, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, २५ डिसेंबर, १ जानेवारी या दिवसांच्या निदान दीड महिना आधी चित्रे तयार हवीत. पन्नास घाईची चित्रे चढवण्यापेक्षा एका लेणीवरची पाच विचारपूर्वक केलेली चित्रे चांगली. प्रत्येक चित्राखाली चार ओळी लिहाव्यात : हे शिल्प कोणत्या लेणीत आहे, तिथे कसे जायचे, त्याचा अर्थ काय. ग्राहक वस्तू घेतो तेव्हा ही माहितीही त्याच्या घरी जाते. लेणीचा खरा परिचय मळवली-कामशेतच्या पलीकडे नेण्याचे हे छोटेसे कामच आहे.

लोणावळा, तळेगाव, देहूरोड परिसरातील चार-पाच चित्रकारांनी एकत्र येऊन एकच ऑनलाइन दुकान काढले तर अधिक सोपे होईल. कोणी रेखाटन करेल, कोणी मजकूर लिहील, कोणी हिशेब ठेवेल. प्रत्येक चित्राची कमाई चित्रकाराच्या नावे वेगळी नोंदवावी, म्हणजे पुढे मने दुखावत नाहीत.

शेवटी कार्ल्याकडे वळू. त्या लेणीचे जुने नाव वलुरक, आणि मावळाचे नावही ‘मामाल’ या रूपात तिथल्या शिलालेखात येते. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तिथे अभिमानाने सांगतो की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिले, त्यांची नावे खांबांवर आहेत. गंधिक सिंहदत्ताने दाराचे दान दिले, त्याचे नाव आहे. आणि या दात्यांच्या बरोबरीने ते दार घडवणाऱ्या माणसाचेही नाव कोरलेले आहे : वेणुवासाचा मुलगा सामी, सुतार.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या संघाने कारागिराचे नाव दगडात राहू दिले. आज आपल्या जयंतीच्या टी-शर्टवर चित्रकाराचे नाव नसते. ही उणीव भरून काढायला फार मोठे भांडवल लागत नाही. चित्र स्वतःचे काढा, कोठे छापले जाते ते तपासा, आणि खाली आपले नाव लिहा.

नमो बुद्धाय, जय भीम!